जिवंतपणीची पोमाना

पेन्शन वाढली म्हणून गाव्रिला तुदोसेचं दुपारचं जेवण बंद झालं. ऐकायला थट्टा वाटते, पण झालं ते असंच. सप्टेंबरात सरकारनं म्हाताऱ्यांची पेन्शन चिमूटभर वाढवली, टीव्हीवर मंत्रीणबाई गोड हसल्या, आणि नोव्हेंबर उजाडेपर्यंत त्या चिमटीनं आमच्या गावातल्या अकरा जणांना गरिबीच्या रेषेपलीकडे नेऊन टाकलं. रेषेपलीकडचा माणूस गरीब नसतो, निदान कागदावर तरी नसतो. गाव्रिला रेषेच्या वर गेला तो नऊ लेईनं. नऊ लेईत दोन पाव येतात, तेसुद्धा कालचे.

सावेताला हे कळलं ते कँटीनच्या खिडकीत. ती तिथली स्वयंपाकीण. कँटीन म्हणजे आमच्या बंद पडलेल्या काचकारखान्याचंच जुनं जेवणघर. पूर्वी तिथं भिंतीवर कम्युनिस्ट पक्षाची घोषणा होती, आता त्यावर पांढरा रंग फासून गरिबांना जेवू घालणाऱ्या संस्थेचा निळा फलक लावलाय. टेबलं मात्र तीच आहेत. सावेतानं बावीस वर्षं त्या कारखान्यात काढली, पुढं तो विकला, मोडला, यंत्रं भंगारात गेली, आणि तिला नोकरी मिळाली ती त्याच इमारतीत, गरिबांसाठी सूप ढवळायची. रोज चौसष्ट ताटं. त्या दिवशी यादी आली ती त्रेपन्नाची.

"बाकीचे अकरा मेले की काय?" तिनं विचारलं.

"नाही मावशी, त्यांचं उत्पन्न वाढलं," दोरिन म्हणाला. दोरिन म्हणजे संस्थेचा देखरेख करणारा पोरगा. तीस-बत्तीसचा, चष्मा, स्वेटरच्या कोपरावर ठिगळ. आठवड्यातून तीनदा जिल्ह्याच्या गावाहून बसनं यायचा. "त्यांच्या जागी दुसरे अकरा घ्यायचेत. अर्ज तपासतोय."

अर्ज तपासायला वेळ लागतो. तोवर सूप चौसष्ट जणांचंच शिजत होतं, कारण सामान चौसष्टाचं येत होतं. आणि नियम असा, की उरलेलं अन्न निळ्या पिंपात ओतायचं, वर पांढरी पूड टाकायची आणि झाकण लावायचं. पूड कशाला? तर कोणी काढून खाऊ नये म्हणून. आता बोला!

आठवडाभर सावेतानं ते केलं. कुंपणाच्या जाळीपलीकडे त्या अकरातले दहा जण उभे असायचे. भांडत नव्हते, शिव्या देत नव्हते, नुसते बघत उभे. त्यांच्यात गाव्रिला नव्हता, तो आपल्या खोलीतून बाहेरच पडला नव्हता. त्याच्या जागी त्याचा शेजारी भांडं घेऊन यायचा आणि रिकामं घेऊन जायचा. आठव्या दिवशी सावेताच्या हातून पूड पडेना. तिनं पातेलं उचललं, कुंपणाशी नेलं आणि जाळीवरून पळीनं वाढायला लागली. नेमका त्याच दिवशी दोरिन दुपारच्या बसनं आला.

"मावशी, हे काय चाललंय?"

"सूप चाललंय."

"यादीबाहेरच्यांना?"

"पिंपात ओतायचं ते पोटात ओतलं. पिंपानं तक्रार केली का?"

दोरिन चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, सावेताला भांडण येतं. तो तिला आत घेऊन गेला, खुर्ची दिली आणि हळू आवाजात म्हणाला, "मावशी, मला काय ते बघून बरं वाटतं? पण उद्या तपासणी आली आणि यादीबाहेर एक ताट गेलेलं सापडलं, तर पैसा थांबेल. मग अकरा नाही, सगळेच उपाशी. अकरा जणांसाठी तुम्ही सगळ्यांचं ताट पालथं घालणार का?"

 पोरगा खोटं बोलत नव्हता. तेच तर वाईट होतं. खोटं बोलणाऱ्याच्या तोंडावर मारता येतं, खरं बोलणाऱ्याचं काय करायचं?

तिनं कमरेचा एप्रन सोडला, चौघडी घातली आणि टेबलावर ठेवला. "तुझे त्रेपन्न जण तू सांभाळ. माझ्यामुळं त्यांच्या तोंडचा घास जायला नको. पण ती पूड मी टाकणार नाही, दोरिन. ते अन्न आहे. प्रार्थनेत रोज मागते मी ते. मागायचं एका तोंडानं आणि विष घालायचं दुसऱ्या हातानं, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"नोकरी सोडून तुम्ही खाणार काय?"

"ते माझं मी बघते."

काय बघणार होती, कपाळ! नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही, कारखान्याची पेन्शन सुरू व्हायला अजून दीड वर्ष. घरी आली आणि चूल न पेटवता बसून राहिली.

तिच्याकडे एकच गोष्ट होती. कपाटात, घडी केलेल्या काळ्या पोशाखाखाली, मातीत जायचे पैसे. आमच्याकडे प्रत्येक म्हातारीकडे असतात. पोशाख, टॉवेल, मेणबत्त्या आणि पाकीट. सावेतानं ते आठ वर्षं साठवले होते, आणि साठवायला सुरुवात केली ती फ्लोआरेआच्या मातीला जाऊन आल्यावर. फ्लोआरेआ कँटीनमध्येच जेवायची, तिचं कोणी नव्हतं, म्हणून नगरपालिकेनं पुरली. पातळ फळ्यांची पेटी, ट्रॅक्टरची ट्रॉली, क्रुसावर नावाऐवजी आकडा. सोबतीला एकटी सावेता. त्या दिवसापासून तिला एकच भीती होती, आणि ती भीती तिनं कोणाला सांगितली नव्हती: आपणही अशाच ट्रॉलीवरून जाणार. मेल्याचं तिला काही वाटत नव्हतं. आकडा होऊन जायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिनं पाकीट काढून मांडीवर ठेवलं आणि चांगली रडली. मग तोंड धुतलं आणि फादर लाव्रेंतिएंकडे गेली.

"फादर, मला माझी पोमाना घालायचीय."

आमच्याकडे मेलेल्याच्या नावानं जेवण देतात, ती पोमाना. ताटावर पाव, पावात पेटती मेणबत्ती. देणारा म्हणतो, माझ्या बापासाठी, माझ्या बहिणीसाठी. घेणारा म्हणतो, बोग्दाप्रोस्ते, देव त्याला क्षमा करो. इथं हातात ठेवलेलं तिथं त्याला पोचतं, अशी आमची समजूत. त्यामुळं गरज असते ती देणाऱ्याला. जेवणारा उपकार करतो, आणि म्हणूनच पोमानाला नाही म्हणायची कोणाची छाती होत नाही. आणि ज्याच्या मागं कोणी नाही, तो आपली पोमाना जिवंतपणीच उरकून घेतो. यात नवल काही नाही. दरवर्षी दोन-चार तरी होतात.

"घाल की," फादर म्हणाले. "एखादा शनिवार बघू."

"शनिवार नाही. उद्यापासून नाताळचा उपास सुरू होतोय ना? उद्यापासून नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत. रोज."

फादर दाढी खाजवत राहिले. भला माणूस, पण चर्चच्या छपराला पत्रा संस्थेनंच घालून दिला होता, तेही त्यांच्या डोक्यात असणार. "सावेता, पोमाना एका दिवसाची असते."

"माझी पापं एका दिवसाची नाहीत, फादर."

"आणि तुला पुरायचं कशानं?"

"जे जेवतील ते पुरतील. नाही पुरलं तर मी काय उठून भांडायला येणार आहे?"

तोंडानं असं ठणकावून आली खरी, पण घरी आल्यावर पाकिटातले पैसे पुन्हा दोनदा मोजले. दुसऱ्या दिवशी पूजा सुटल्यावर ती चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहिली आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलून टाकलं, की सावेता मोराराच्या जिवासाठी, ती जिवंत असताना, नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत तिच्या अंगणात रोज पोमाना आहे. देवासमोर बोललेलं. आता मागं फिरायची सोय नव्हती.

उपासाचं जेवण स्वस्त. घेवड्याची उसळ, मक्याच्या पिठाची मामालिगा, आंबवलेली कोबी, कांदा. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. अकरा माणसं, चाळीस दिवस. सावेतानं हिशेब केला होता आणि तो बरोबर बसत होता.

पहिल्या दिवशी दहा जण आले. गाव्रिला आला नाही. ती ताट झाकून त्याच्या खोलीवर गेली. कारखान्याच्या जुन्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, म्हातारा कोट घालून अंथरुणात बसलेला. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. एके काळी हाच माणूस कारखान्यात पक्षाचा सचिव होता आणि त्याच्या बुटांचा आवाज आला की बायका बोलायच्या थांबायच्या.

"हे काय आणलंस?"

"पोमाना."

"कुणाची?"

"माझी."

"तू तर उभी आहेस समोर."

"आधीच घालतेय. नंतर कोण घालणार?"

"मला असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तुला माहीत आहे."

"तुमच्या विश्वासाचं मला काय करायचंय, कॉम्रेड? तुमचं तोंड पाहिजे मला. चावायला येतं ना अजून?"

गाव्रिला हसला नाही. ताटातल्या मेणबत्तीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आमच्या वेळी या गावात कोणी उपाशी नव्हतं."

"तुमच्या वेळी सगळेच उपाशी होते, म्हणून दिसत नव्हतं. पहाटे चारला पावाच्या रांगेत मी उभी असायची, तुम्ही नव्हता."

"ती परिस्थिती बाहेरच्यांनी..."

"निवतंय."

त्यानं चमचा उचलला नाही. खिडकीकडे बघत बोलला. "ब्याऐंशी साली तुला भट्टीच्या उबेतून काढून मागच्या आवारात पाठवलं. ईस्टरला चर्चमध्ये गेलीस म्हणून. त्या कागदावर सही माझी होती."

"माहीत आहे."

"थंडी होती. तू पोटुशी होतीस."

"चार महिने झाले होते," सावेता म्हणाली. "नंतर राहिलंच नाही काही. सगळं माहीत आहे मला, गाव्रिला. विसरले नाही, आणि आज माफ करायलाही आले नाही, ते देवाचं त्यानं बघावं. मी जेवण घेऊन आलेय. खा."

मग तो जेवला. बोग्दाप्रोस्ते म्हणाला नाही. "मिळालं," म्हणाला, जसं गोदामातून माल घेताना म्हणतात. सावेतानं ताट उचललं आणि जिना उतरताना एका पायरीवर मिनिटभर बसून राहिली. दुसऱ्या दिवसापासून म्हातारा काठी टेकत अंगणात यायला लागला.

आणि इथंच सावेता चुकली. चूक अशी, की आमच्यापैकी कोणीही तीच केली असती. तिनं यादीतून गळलेले अकरा मोजले होते, पण पोमानाला यादी नसते. फाटकावरून कोणी जाताना दिसला की त्याला हाक मारावीच लागते, नाहीतर दिलेलं सगळं वाया. टपालवाला गेला, त्याला हाक मारली. दारुडा कोस्तिका गेला, त्याला मारली. जिचा नवरा स्पेनला गेला तो परत आलाच नाही ती शिवणकाम करणारी बाई आणि तिच्या तीन मुली, नव्या अर्जवाले अकरा जण ज्यांचे अर्ज अजून तपासलेच जात होते, चर्चची घंटा वाजवणारा, आणि एकदा तर नगरपालिकेचा वीजबिल घेऊन आलेला माणूस. दहाव्या दिवशी अंगणात चौतीस जण होते. सावेता रोज पाकिटात हात घालायची आणि पाकीट पातळ लागायचं. भीती वाटायची, आणि हाक तरी मारायचीच.

"तुझी योजना कोसळणार," गाव्रिला एक दिवस उसळ पुसून खाता खाता म्हणाला. "लाभार्थी वाढले, साधनं वाढली नाहीत. मी अशा किती पाहिल्यात."

"पाहिल्यात काय, केल्यात म्हणा."

अंगणात हशा पिकला. म्हाताराही मिशीत हसला, पहिल्यांदाच.

दोरिनही आला एकदा, फाईल न घेता. फाटकाशी उभा राहिला. सावेता चुलीशी होती. "मावशी, हे नाताळपर्यंत म्हणे?"

"देवाच्या कृपेनं."

"आणि नंतर?"

"नंतर काय?"

"नंतरच्या दिवशी त्यांना परत भूक लागेल. तुमचे पैसे गेलेले असतील आणि ते होते तिथंच असतील. मावशी, राग मानू नका, पण यानं सुटत काहीच नाही. प्रश्न मुळातून सुटायला हवा. व्यवस्था लागते त्याला."

सावेतानं पळी पातेल्यावर आपटली. "व्यवस्था! बाळा, माझ्या एका जन्मात दोन होऊन गेल्या. पहिलीनं माझ्या बापाची गाय सोडून नेली आणि म्हणाली, आता सगळ्यांना दूध. दुसरीनं कारखाना विकला आणि म्हणाली, आता सगळ्यांना काम. दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या मी, मूर्खासारख्या. तू शिकलेला आहेस, तू सोडव मुळातून. खरंच सोडव, मी मेणबत्ती लावीन तुझ्यासाठी. पण तोवर माणसांनी काय करायचं? तुझ्या मुळाशी बसून वाट बघायची?"

"मी तसं म्हणत नाही..."

"प्रभूनं त्या डोंगरावर पाच हजार जणांना जेवू घातलं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी भुकेलेच उठले असतील ना? त्याला काय हे माहीत नव्हतं? तरी घातलं. भूक लागली होती म्हणून घातलं. बस्स."

दोरिन चष्मा पुसत राहिला. "माझं कामसुद्धा मार्चपर्यंतच आहे, मावशी," एवढंच म्हणाला आणि बस गाठायला निघून गेला. त्या दिवशी सावेताला त्याची कीव आली, आणि कीव आल्याचा रागही आला.

बाविसाव्या दिवशी पाकीट संपलं. तेविसाव्या दिवशी घेवड्याचं पोतं झटकलं, त्यातून मूठभर निघालं. चौतीस जण फाटकाशी आले तेव्हा चूल थंड होती आणि सावेता पायरीवर हात मांडीत घेऊन बसली होती. नाताळला अठरा दिवस बाकी. देवासमोर बोललेली. असं लाजिरवाणं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"संपलं," ती म्हणाली.

 शिवणकामवाल्या बाईनं मुलींचे हात धरले. फादर लाव्रेंतिए तेवढ्यात रस्त्यानं चालले होते, ते थांबले. "सावेता, देव बघतोय. जमलं तेवढं केलंस. तो माफ करेल."

"तो करेल हो. पण मी शब्द दिला होता." ती उठली, डोक्याचा रुमाल घट्ट बांधला. "पोमाना मोठीच पाहिजे असं कुठं आहे, फादर? एक ताट दिलं तरी पोमाना. आता माझं उत्पन्न शून्य आहे. नवऱ्याच्या मागचं काही नाही, पगार नाही, पाकीट नाही. माझ्याएवढं गरीब या गावात कोण आहे आता? मी कँटीनमध्ये नाव घालते. मिळालेलं ताट रोज एकाला देईन. एक तर एक. नाताळपर्यंत."

"आणि तू काय खाशील?" गाव्रिलानं विचारलं.

"तुमचं भाषण."

ती निघाली आणि चौतीस जण मागोमाग निघाले. कोणी बोलावलं नव्हतं. फादरही आले, झग्याचा घोळ चिखलातून सावरत.

कँटीनमध्ये जेवणाची वेळ होती. यादीतले त्रेपन्न जण टेबलांवर बसलेले, सूप नुकतंच वाढलेलं, वाफा निघत होत्या. दाराशी टेबल मांडून दोरिन सह्या घेत होता. एवढी माणसं आत आलेली बघून तो उभाच राहिला.

"घाबरू नकोस," सावेता म्हणाली. "हे नुसते बघायला आलेत. मला अर्ज भरायचाय."

त्यानं अर्ज काढला. नाव, वय, उत्पन्न. उत्पन्नाच्या जागी त्यानं शून्य लिहिलं. मग दुसरं पान उलटलं आणि तो थांबला. बराच वेळ वाचत राहिला, जणू वाचून वाचून शब्द बदलतील.

"मावशी, इथं एक अट आहे. गेल्या सहा महिन्यांत अर्जदारानं आपली मालमत्ता किंवा बचत स्वतःहून दुसऱ्याला दिलेली असेल, तर..."

"तर?"

"तर तो पात्र नाही."

"म्हणजे दारूत उडवले असते तर?"

दोरिननं खाली बघितलं. "तर चाललं असतं."

सावेताला हसू आलं. खरंखुरं हसू, पोटातून आलेलं, आणि ते थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं तरी ती हसतच होती. कँटीनमधले चमचे थांबले. "ऐकलंत का? देऊन टाकलं म्हणून मी गरीब नाही! अगं माझ्या माये..." मग हसू सरलं आणि ती नुसतीच उभी राहिली. आता खरंच काही उरलं नव्हतं. ना पाकीट, ना ताट, ना युक्ती. अठरा दिवसांचा शब्द मोडला होता.

पहिल्या टेबलावर मिओआरा बसली होती. पाय सुजलेले, चालताना दोन काठ्या लागणारी. ती उठली. काठ्या सोडून, टेबलाच्या कडेला धरत, सुपाचं ताट एका हातात घेऊन गाव्रिलासमोर येऊन उभी राहिली. सूप हिंदकळून तिच्या बोटांवर सांडत होतं.

"माझ्या भावासाठी," ती म्हणाली. "वासिलेसाठी. भट्टीत जळाला तो."

गाव्रिलानं ताट घेतलं. पोमानाला नाही म्हणता येत नाही.

"मिओआराबाई!" दोरिन म्हणाला. "अन्न बाहेर न्यायचं नाही असा नियम आहे."

"बाहेर कुठं नेलं? दोन पावलं चालले, तीही मेहेरबानी म्हणा." ती धापा टाकत होती. "सही केली मी, दोरिनसाहेब. ताट माझं. भाऊ पण माझाच."

कागदात याला उत्तर नव्हतं. दोरिन पानं उलटतच होता, तोवर दुसऱ्या टेबलावरून एक जण उठला. "माझ्या आईसाठी," म्हणून त्यानं ताट शिवणकामवालीच्या मोठ्या मुलीच्या हातात दिलं. मग तिसऱ्यावरून कोणी, "माझ्या दोन्ही पोरांसाठी." मग एकदम खुर्च्या सरकल्या. मारिनसाठी. सोफिकासाठी. ज्याचं नावच ठेवलं नव्हतं त्या बाळासाठी. कोणी अर्धं काढून देत होता, कोणी सगळं. घेणारा म्हणत होता बोग्दाप्रोस्ते आणि त्यातलं निम्मं परत देणाऱ्याच्या पुढं सारत होता, आपल्या कोणा मेलेल्याचं नाव घेऊन. कोण यादीतला आणि कोण बाहेरचा, काही कळेना. फादर लाव्रेंतिए दाराशी उभे होते, त्यांनी टोपी काढली आणि छपराच्या पत्र्याची पर्वा न करता मोठ्यानं मृतांसाठीची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली.

गाव्रिला मिओआराचं ताट घेऊन सावेतापाशी आला. अर्धं सूप पिऊन झालं होतं. उरलेलं त्यानं पुढं केलं.

"कुणासाठी?" सावेतानं विचारलं. त्याच्या बायकोचं नाव घेईल असं तिला वाटलं.

"पक्षासाठी," म्हातारा म्हणाला. "मेलाय तोही. त्याच्यासाठी कोणी ताट देत नाही."

सावेता ताटाकडे बघत राहिली. देणं सोपं होतं, बाविसाच्या बावीस दिवस सोपं होतं. घेणं मात्र जड गेलं. कारण घेतलं की म्हणावं लागणार. मागचं आवार आठवलं, बर्फ आठवलं, स्कर्टवरचं रक्त आठवलं. ज्यानं ते केलं त्याला देवानं क्षमा करावी असं तिनं म्हणायचं, मोठ्यानं, चार लोकांत. नाही म्हणायची सोय नव्हती. तिनं ताट घेतलं.

"बोग्दाप्रोस्ते," ती म्हणाली. पहिल्यांदा कोणाला ऐकू गेलं नाही, म्हणून दुसऱ्यांदा म्हणाली. मग उभ्या उभ्या, ताट तोंडाला लावून, सगळं पिऊन टाकलं.

दोरिन आपल्या टेबलाशी होता. समोर सह्यांचा कागद, हातात उघडं पेन, आणि कागदावर लिहिण्यासारखं काहीच नाही. सकाळी सहाच्या बसनं निघालेला, चेहरा पांढरा पडलेला. सावेतानं त्याच्याकडे बघितलं. मग टेबलावरचा एक पाव मोडला, कोणाच्या तरी ताटातलं उरलेलं सूप एका भांड्यात घेतलं आणि ते त्याच्या कागदावर नेऊन ठेवलं. कागदाला गोल डाग पडला.

"माझ्या जिवासाठी," ती म्हणाली. "बावीस दिवस झाले, आज तेविसावा धरू."

दोरिननं भांड्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "मावशी, मला नका देऊ. मी यात बसत नाही. मी पात्र नाही."

"इथं कोण आहे रे पात्र?" सावेता म्हणाली. "मी आहे? हा सचिव आहे? फादर आहेत? घे. निवतंय."